जुन्या इंजिनाची मापे कशी काढावीत

विहिरीच्या काठी पत्र्याच्या छपराखाली उभे असलेले जुने ऑईल इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दोन बाजूंना दोन जड चाके, मध्ये बिडाचा उभा सांगाडा, डोक्यावर धुराडे, आणि शेजारी पाण्याची टाकी. एके काळी त्याचा ठोका शेजारच्या गावापर्यंत ऐकू जाई. पुढे वीज आली, मोटार आली, आणि इंजिन मागे पडले. आता त्यावर कोंबड्या बसतात, आणि भंगारवाला वर्षाकाठी एकदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन जातो.

असे एखादे इंजिन पुन्हा चालू करावे असे पुष्कळांना वाटते. कोणाला वडिलांची आठवण म्हणून, कोणाला शाळेतल्या मुलांना दाखवावे म्हणून, तर कोणाला वीज नसेल त्या दिवशी दोन वाफे तरी भिजावेत म्हणून. हौस असते, थोडे पैसेही असतात. काम अडते ते एकाच ठिकाणी. दुकानदार विचारतो, "माप काय?" लेथवाला विचारतो, "माप काय?" आणि आपल्या हातात असतो एक झिजलेला, गंजलेला, कदाचित दोन तुकडे झालेला भाग. त्याचे आजचे माप घेऊन उपयोग नाही, कारण तो झिजलेला आहे. हवे असते ते तो नवा होता त्या वेळचे माप. ते कसे शोधावे, एवढेच आज आपण पाहू. जुना ट्रॅक्टर, उसाचा चरक, पिठाची गिरणी, यांनाही हीच रीत लागू पडते.

मी इतिहास शिकवतो, यंत्रशास्त्र नव्हे. पण माप शोधण्याचे काम मला इतिहासाच्या कामासारखेच वाटते. ताम्रपटाची काही अक्षरे झिजलेली असली, तरी उरलेल्या अक्षरांवरून, ओळीच्या लांबीवरून आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या ताम्रपटावरून गेलेला मजकूर ठरवता येतो. यंत्राचेही तसेच आहे. पुरावे सगळीकडे विखुरलेले असतात. ते गोळा करून एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

पहिला पुरावा म्हणजे यंत्राची नामपट्टी. पितळेची किंवा जस्ताची ही पट्टी बहुधा तेलाच्या काजळीखाली दडलेली असते. ती तारेच्या ब्रशने किंवा कानशीने घासू नका. अक्षरे कायमची जातील. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने हळूहळू पुसा. नंतर वरून खडू चोळा आणि बोटाने जादा खडू पुसून टाका. खोलगट आकड्यांत खडू राहतो आणि आकडे उमटतात. तेवढ्यानेही जमले नाही, तर पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी फिरवा. शिलालेखाचा ठसा घेतात तीच ही युक्ती आहे. पट्टीवर कारखान्याचे नाव, नमुन्याचा नंबर, अश्वशक्ती आणि दर मिनिटाचे फेरे, एवढे सापडले तरी निम्मे काम झाले.

कारण नमुना कळला की मुख्य मापे कळतात. उदाहरणार्थ, इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये डर्सली नावाचे गाव आहे. तेथे १८६७ साली स्थापन झालेल्या लिस्टर कंपनीने १९३०च्या सुमारास एक सावकाश चालणारे डिझेल इंजिन बाजारात आणले. त्याचा सहा अश्वशक्तीचा नमुना मिनिटाला ६५० फेरे घेई. त्याच्या सिलिंडरचा व्यास ४ १/२ इंच आणि पिस्टनची धाव ५ १/२ इंच. या इंजिनाच्या असंख्य नकला पुढे आपल्याकडे गुजरातेत राजकोटला निघाल्या, आणि त्या देशभर विहिरींवर बसल्या. उलट, पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचे मिनिटाला १५०० फेरे घेणारे ए.व्ही. १ हे इंजिन घ्या. त्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि धाव ११० मिलिमीटर. एक यंत्र इंचांत जन्मलेले आणि दुसरे मिलिमीटरमध्ये. हा फरक पुढच्या प्रत्येक मापात उपयोगी पडतो, म्हणून तो आधी ठरवून टाकावा.

मात्र राजकोटच्या नकलांबाबत एक सूचना आहे. नकल करणारे कारखाने पुष्कळ होते. सांगाडा एकाच्या पद्धतीचा आणि बोल्ट दुसऱ्याच्या पद्धतीचे, असे प्रकार त्यांत आढळतात. तेव्हा नामपट्टीवर भिस्त ठेवा, पण डोळे मिटून नको.

आता इंच आणि मिलिमीटर यांची गोष्ट. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, आणि ऑक्टोबर १९५८पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला. त्यापूर्वीची आपल्याकडची बहुतेक यंत्रे इंचांतली आहेत, आणि त्यानंतरचीही पुष्कळ. कारखान्याचे साचे आणि हत्यारे कायद्यासरशी बदलत नाहीत. आजही आपला फिटर अर्ध्या इंचाच्या बोल्टला "चार सुती" म्हणतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती म्हणजे ३/८ इंच आणि सहा सुती म्हणजे पाऊण इंच. त्याहून बारीक माप बोलायचे असेल तेव्हा लेथवाला "थाऊ" म्हणतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा एक केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. "पाच थाऊ ढिले आहे" असे तो म्हणाला, तर किती ढिले ते यावरून समजून घ्यावे.

माप घेण्यासाठी एक साधा व्हर्निअर पुरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत तो असतोच. मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ मि.मी., त्यावर वाचता येतो. मापापूर्वी भाग रॉकेलाने धुऊन कोरडा करावा. उन्हात तापलेला भाग लगेच मोजू नये. साडेचार इंचांच्या बिडाच्या भागाचे तपमान दहा अंशांनी वाढले, तर त्याचा व्यास सुमारे एक शतांश मिलिमीटरने वाढतो. बुश बसवताना एवढाही फरक नडू शकतो. आणि कोणतेही माप एकदा घेऊन थांबू नये. एकाच जागी एकमेकींना काटकोनात अशी दोन मापे घ्यावीत. दोन्ही सारखी आली तर तो भाग गोल आहे. वेगळी आली तर तो एका अंगाने झिजला आहे. क्रँकची पिन तर अशी एकांगी झिजतेच, कारण पेट घेतलेल्या तेलाचा दणका तिच्यावर दर वेळी एकाच बाजूने बसतो.

आता मुख्य प्रश्न. झिजलेल्या भागावरून मूळ माप कसे ओळखावे? यासाठी तीन नियम ध्यानात ठेवा.

पहिला नियम असा: दांडा झिजला की बारीक होतो, भोक झिजले की मोठे होते. म्हणून दांड्याचे मूळ माप आज मोजलेल्या मापाहून मोठेच असणार, आणि भोकाचे मूळ माप आजच्याहून लहानच असणार. ऐकायला हे अगदी साधे वाटते, पण घाईत माणूस नेमका उलट धरून बसतो.

दुसरा नियम असा की, प्रत्येक भागावर न झिजलेली एखादी जागा असतेच. दांड्याचा जो तुकडा बुशच्या बाहेर राहतो, तो झिजत नाही. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथपर्यंत पिस्टनच्या रिंगा पोहोचत नाहीत, तिथे एक अरुंद कडा मूळ मापाची राहते. नखाने चाचपले तर ती पायरी लागते. चाकाखाली दडलेला दांडा आणि वायसरखाली झाकलेला पृष्ठभाग, या जागांनी मूळ माप जपून ठेवलेले असते.

तिसरा नियम: आराखडा करणारा माणूस सोपे आकडे घेत असे. इंचांच्या काळातील आराखड्यात दांडा सव्वा इंच, दीड इंच, पावणेदोन इंच असा असे, १.२४ इंच असा सहसा नसे. समजा, दांड्याचे माप ३१.६ मिलिमीटर आले. ३१.६ला २५.४ने भागा, उत्तर येते १.२४४. सर्वांत जवळचा आणि याहून मोठा सोपा अपूर्णांक कोणता? सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर. म्हणजे हा दांडा ०.१५ मि.मी., अर्थात सुमारे सहा थाऊ झिजला आहे. न झिजलेल्या जागी मोजून ३१.७५ मिळाले, तर शंका उरली नाही. दोन स्वतंत्र पुरावे एकच गोष्ट सांगू लागले की माप पक्के समजावे.

शिक्षक मित्रहो, पाचवी-सहावीच्या मुलांना व्यवहारी अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक यांचा संबंध शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. "५/४ आणि १.२५ एकच" हे मुलगा फळ्यावरून पाठ करतो. दांडा हातात आला की त्याला ते पटते.

व्हर्निअर जिथे पोहोचत नाही तिथे काय करावे? दांडा जाड असला किंवा चाक मोठे असले, तर कागदाची पट्टी उपयोगी पडते. पट्टी दांड्याभोवती घट्ट गुंडाळा, आणि जिथे एक पदर दुसऱ्यावर येतो तिथे दोन्ही पदरांतून टाचणी टोचा. पट्टी उलगडा, दोन भोकांमधले अंतर मोजा आणि त्याला ३.१४ने भागा. हा झाला व्यास. अंतर मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तरी भागाकारामुळे व्यासात ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर उरते.

सिलिंडर किती झिजला हे पाहायला खास मापक लागतो, आणि तो महाग असतो. पण पिस्टनची एक रिंग आणि फिलर गेजची पाने एवढ्यावरही काम भागते. रिंग सिलिंडरमध्ये खाली, जिथे झीज नसते तिथे सरळ बसवा. पिस्टनच्याच माथ्याने ढकलली म्हणजे ती तिरपी होत नाही. तिच्या दोन टोकांमधली फट मोजा. समजा ती १५ थाऊ आली. आता तीच रिंग वर, जिथे झीज सर्वांत जास्त असते त्या कडेच्या जरा खाली आणा आणि फट पुन्हा मोजा; समजा ४७ थाऊ आली. फरक झाला ३२ थाऊ. परीघ हा व्यासाच्या ३.१४ पट असतो, म्हणून ३२ला ३.१४ने भागले की सुमारे दहा उरतात. म्हणजे सिलिंडरचा व्यास तिथे दहा थाऊंनी वाढला आहे. आता नवा लायनर घालायचा, की सिलिंडर मोठा कातून मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा, हे फिटरशी बोलून ठरवता येते. मोठ्या मापाचे पिस्टन ठरावीक टप्प्यांनी मिळतात. इंचांतल्या इंजिनांना २० आणि ४० थाऊ, मिलिमीटरवाल्यांना ०.५० आणि १.०० मि.मी. असे टप्पे रूढ आहेत. जुन्या पिस्टनच्या माथ्यावर "०२०" किंवा "०.५०" असा छाप दिसला, तर समजावे की हे काम मागे एकदा होऊन गेले आहे आणि आजचे माप मूळचे नव्हे.

आता आट्यांकडे वळू. जुन्या यंत्रावर माणूस सर्वांत जास्त फसतो तो इथे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य प्रमाण सुचवले. त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. अमेरिकेत ६० अंशांची पद्धत रूढ झाली. पुढे १९४८ साली इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून ६० अंशांचे सामाईक प्रमाण ठरवले. मेट्रिक आटाही ६० अंशांचाच असतो. म्हणून एकाच चार सुती बोल्टवर किती प्रकारचे आटे असू शकतात ते पाहा: जाड व्हिटवर्थ असेल तर इंचाला १२ आटे, बारीक ब्रिटिश असेल तर १६, सामाईक जाड असेल तर १३ आणि सामाईक बारीक असेल तर २०. शिवाय जवळचाच मेट्रिक १२ मिलिमीटरचा बोल्ट आहे, त्याचे दोन आट्यांतले अंतर १.७५ मिलिमीटर. बारा आट्यांच्या बोल्टवर तेरा आट्यांचा नट दोन-तीन फेरे सहज चढतो आणि मग अडतो. पान्याला पाइप लावून जोर केला की दोघांचेही आटे जातात, आणि बोल्ट बिडाच्या सांगाड्यात असेल तर सांगाडाच चिरतो.

म्हणून नट अडला की थांबा. बोल्ट धुऊन त्यावर कागद दाबा, ठसा घ्या आणि एका इंचात किती आटे बसतात ते मोजा. पहिल्या रेघेला शून्य म्हणावे, एक नव्हे. नाहीतर उत्तर एकाने जास्त येते. दुसरी युक्ती आणखी सोपी आहे. माहीत असलेला बोल्ट आणि हा बोल्ट शेजारी-शेजारी धरून आटे एकमेकांत बसवा आणि उजेडासमोर पाहा. फटीतून उजेड कुठेच दिसला नाही तर आटे सारखे. सात-आठ आट्यांनंतर उजेड दिसू लागला तर आटे वेगळे.

पान्याबद्दलही दोन शब्द सांगतो. जुन्या इंग्रजी पान्यावर १/२ असा आकडा असेल, तर तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंची व्हिटवर्थ नटाची रुंदी पाऊण इंचाहून अधिक असते. नळाचे तर त्याहून विचित्र. "अर्ध्या इंची" नळाचा आटा बाहेरून मोजला तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो, कारण ते नाव नळाच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. तेलाची नळी किंवा पाण्याचा जोड मोजून दुकानात "एकवीस मिलिमीटरचा द्या" म्हणाल, तर रिकाम्या हाती परत याल.

काही भागांची मापे त्यांच्या नावातच असतात. छर्‍यांच्या बेअरिंगवर कडेला आकडा कोरलेला असतो. ६२०५ असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ला, पाचने गुणा. आतले भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. ६२०८ असेल तर भोक ४० मिलिमीटर. हा पाचाचा नियम शेवटचे आकडे ०४ किंवा त्यापुढचे असतील तेव्हाच चालतो. जुन्या इंची बेअरिंगांना मात्र तो लागू नाही. ती मोजूनच घ्यावी लागतात. व्ही पट्ट्यावर "बी ५२" असे असेल, तर बी म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर आणि ५२ म्हणजे आतल्या बाजूची लांबी ५२ इंच. तेलाचा सील घेताना जुना सील मोजू नका, कारण रबर फुगते आणि आकसते. सील ज्या दांड्यावर बसतो तो दांडा आणि ज्या घरात बसतो ते घर मोजा.

दातेरी चाक तुटले असेल, तर त्याचे दात मोजा आणि बाहेरचा पूर्ण व्यास मोजा. दातांत दोन मिळवा आणि इंचांतल्या व्यासाने भागा. ३० दात आणि व्यास ४ इंच असेल, तर ३२ भागिले ४, म्हणजे ८. पूर्णांक आला याचा अर्थ चाक इंची पद्धतीचे आहे आणि त्याचा "पिच" ८ आहे. पूर्णांक आला नाही, तर मिलिमीटरमधल्या व्यासाला दात अधिक दोनने भागून पाहा. तिथे २, २.५ किंवा ३ असा सरळ आकडा आला, तर ते मेट्रिक. तिरप्या दातांच्या चाकाला हा हिशेब लागू नाही. ते चाक कारखान्यात नेऊनच दाखवावे.

आणि भाग मुळातच हरवला असेल तर? तेव्हा शेजारच्या भागांना विचारावे. समजा, पंपावरची पुली नाहीशी झाली आहे. इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते, त्यावरची पुली १२ इंची आहे आणि पंपाच्या पट्टीवर १५०० फेरे लिहिले आहेत. दोन्ही पुल्यांचे व्यास गुणिले फेरे हे सारखे असायला हवेत. १२ गुणिले ६५० म्हणजे ७८००. त्याला १५००ने भागले की ५.२ इंच. पट्टा थोडासा घसरतो, हे धरून पाच इंची पुली घेतली तर चालते. पण याच १२ इंची पुलीवर कोणी १५०० फेऱ्यांचे नवे इंजिन जोडले, तर पंप मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फिरू लागेल. पाणी जास्त येईल म्हणून कोणी खूश होईल, पण पंपाला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे सव्वादोन पट झाले तर शक्ती अकरा पटींहून जास्त लागते. इंजिन गुदमरेल, नाहीतर पंप फुटेल.

फेऱ्यांचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. जुन्या इंजिनाच्या बिडाच्या चाकाला नामपट्टीवरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त पळवू नका. चाकात निर्माण होणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट तर ताण चौपट. त्या चाकात जुनी चीर असेल, तर तिची परीक्षा चालू यंत्रावर घेऊ नये. चाक उतरवून रॉकेलाने पुसावे, कोरडे करावे आणि त्यावर खडूची पूड चोळावी. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर काळी रेघ उमटते. अशी रेघ दिसली, तर ते चाक शोभेपुरते ठेवावे, चालवू नये.

काही भाग मोजायचेच नसतात. तेलाच्या पंपातला दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या दोन-तीन भागांएवढी असते. तिथे आपला व्हर्निअर काय करणार? हे दोन भाग कारखान्यात एकमेकांत घासून जोडीनेच बनवतात. पॉलिश पेपर लावायचा नाही आणि एकाचा दुसऱ्याशी बदल करायचा नाही. त्यांवर आणि नोझलवर कोरलेला नंबर उतरवून घ्या आणि त्या नंबरावरच नवी जोडी मागा.

जुने गॅस्केट काढतानाही जपावे. त्या काळच्या गॅस्केटांत आणि धुराड्याभोवतीच्या गुंडाळीत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. कोरडे खरवडू नका. आधी पाण्याने चिंब करा आणि निघालेला चोथा पिशवीत बांधून दूर ठेवा. मुलांना हे काम सांगू नका. गॅस्केटची जाडी मात्र मोजून लिहून ठेवा, कारण ती बदलली की पिस्टनच्या डोक्यावरची मोकळी जागा बदलते. ती जागा नंतर तपासण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर शिशाच्या तारेचे दोन बारीक तुकडे ठेवावेत, हेड घट्ट करावे आणि तेल बंद ठेवून चाक हाताने हळू एक फेरा फिरवावे. तार जेवढी चपटी होईल तेवढीच ती जागा.

बिडाचा भाग तुटला आणि दुसरा ओतून घ्यायची वेळ आली, तर साच्याचा लाकडी नमुना भागाच्या मापाचाच करून चालत नाही. बीड थंड होताना आकसते, फुटाला साधारण एक सूत. म्हणून नमुना तेवढा मोठा करतात, आणि जिथे कातायचे असेल तिथे आणखी जाडी ठेवतात. तुटका भाग तसाच साचा म्हणून मातीत दाबला, तर नवा भाग एक टक्का लहान निघतो आणि भोके भोकांवर येत नाहीत.

एवढे करूनही एखादे माप मिळत नाही असे होते. मग तसेच दुसरे इंजिन शोधावे. पंचक्रोशीत ते असतेच. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या बंद पडलेल्या गिरणीत. जुन्या इंजिनांबरोबर कारखाना माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची यादी देई. ती घरातल्या पेटीत जमिनीच्या कागदांबरोबर सापडण्याचा संभव असतो, घरात विचारावे. आणि सर्वांत आधी, गावातल्या वयस्क फिटरकडे जावे. ज्याने अशी इंजिने आयुष्यभर उघडली, त्याच्या बोटांना जे कळते ते पुस्तकात मिळेलच असे नाही. तो म्हणेल, "याला तीन सुती बारीक आटा लागतो," आणि ते बरोबर निघेल. पण अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांनी कधी काही लिहून ठेवलेले नसते, आणि त्यांना कोणी लिहायला सांगितलेलेही नसते.

म्हणून शेवटची विनंती आहे ती वहीची. शिक्षक मित्रहो, आपल्या शाळेत एक जाड वही घाला. गावातल्या प्रत्येक जुन्या यंत्राला तिच्यात दोन पाने द्या. एका पानावर नामपट्टीचा पेन्सिलीने घेतलेला ठसा चिकटवा. दुसऱ्या पानावर भागाचे नाव, आज मोजलेले माप, ठरवलेले मूळ माप आणि ते कशावरून ठरवले, असे चार रकाने आखा. चौथा रकाना गाळू नका. "न झिजलेल्या कडेवरून", "दुसऱ्या इंजिनावरून", "फिटरच्या सांगण्यावरून", असे त्यात लिहिलेले असले, म्हणजे पुढच्या माणसाला त्या मापावर किती विसंबावे हे कळते. मुले मापे घेतील, वडीलधारी माणसे नावे सांगतील. मुले मापे घेत असताना यंत्राचे तेल बंद आणि चाकाखाली दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे असावेत.

शेतकरी बंधूंनो, इंजिन विकायचेच असेल तर विका. तो आपला व्यवहार आहे. पण भंगारवाल्याच्या काट्यावर ते चढण्याआधी एक सकाळ त्या वहीसाठी द्या. लोखंडाचा भाव पुढच्या वर्षीही मिळेल. पण ते इंजिन वितळले की त्याच्या अंगावरची मापेही वितळतात, आणि तसेच दुसरे इंजिन दुरुस्त करू पाहणारा चार गावे हिंडला तरी ती त्याला मिळत नाहीत.